धंदेशिक्षणाचे फळ कसे मोजावे?

दहावीचा निकाल लागला, की आमच्याकडे गावाकडच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा कुठल्या शिक्षणाला बाजारात काय भाव आहे हे मला ठाऊक असणारच, असा त्यांचा भाबडा समज. गेल्या जूनमध्ये कन्नडकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. सहा एकर रान, त्यातले दोन ओलिताखाली, बाकीची कपाशी पावसाच्या भरवशावर. मुलगा गणितात बरा, बोलण्यात कमी. चहा होईपर्यंत वडील इकडचे तिकडचे बोलले, आणि मग कप खाली ठेवून एकदम म्हणाले, "सर, आयटीआयला टाकावं म्हणतो. पण तिथं शिकून लागतेत का पोरं?"

प्रश्न अगदी सरळ. माझ्यापुढे टेबलावर एका संस्थेचे माहितीपत्रक पडलेले होते. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'शेकडा 80 विद्यार्थ्यांना रोजगार'. ते वाचून दाखवले असते तर माझे काम भागले असते, आणि त्यांनी विश्वासही ठेवला असता. पण तीच तर पंचाईत होती. शेकडा 80 म्हणजे कोणत्या शंभरातले 80, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

श्रोतेहो, आज आपण एवढ्याच गोष्टीचा विचार करणार आहोत. हाताचे कसब शिकवणाऱ्या संस्थेतून मुले बाहेर पडतात, त्यांचे पुढे काय होते, आणि ते मोजायचे कसे? हिशेब किचकट नाही. चौथीच्या पोराला येणाऱ्या भागाकारापलीकडे त्यात काही नाही. मात्र भागायचे कशाने, इथेच सारी गोम आहे.

आधी थोडी मागची हकीकत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांना आणि फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्यांना काम मिळावे म्हणून आपल्याकडे प्रशिक्षण केंद्रे निघाली. त्यांतूनच 1950 साली केंद्र सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या, निघू लागल्या. 1961 साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा वसाहती आपल्या शहराभोवती उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि मराठवाड्यातल्या कित्येक खेड्यांतली मुले फिटर, टर्नर, वेल्डर ही नावे आजोबा-पणजोबांच्या नावासारखी सहज घेऊ लागली. सरकारी कागदावर त्यांची नावे जोडारी, कातारी, संधाता अशी आहेत. चांगली मराठी नावे आहेत, पण संधाता म्हटले तर गावात कोणी ओळखायचे नाही. आज राज्यात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत. खाजगी निराळ्या. शिवाय तंत्रनिकेतने आहेत, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, आणि 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतून कम्युनिटी कॉलेज नावाने कौशल्याचे लहान अभ्यासक्रमही सुरू केले. हे कम्युनिटी कॉलेज मूळ अमेरिकेतले. तिथे इलिनॉय राज्यात जोलिएट गावी 1901 साली निघालेले कॉलेज त्या जातीचे सर्वांत जुने मानतात. गावातल्या कोणीही यावे, कमी फीत शिकावे, दोन वर्षांत कामाला लागावे, अशी ती कल्पना.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, एका संस्थेत वीजतंत्रीच्या, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत 20 मुले घेतली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटच्या परीक्षेला बसली 16. उत्तीर्ण झाली 14. सहा महिन्यांनी संस्थेने या 14 जणांना फोन लावले. दहा जण सापडले. चौघांचे नंबर बदलले होते. (आपल्या पोरांचे नंबर किती वेळा बदलतात, हे शिक्षकांना सांगायला नकोच.) सापडलेल्या दहांपैकी आठ जण म्हणाले, "सर, कामाला आहे."

मग किती टक्के मुले कामाला लागली? जे सापडले त्यांच्यातून मोजा: दहातले आठ, शेकडा 80. उत्तीर्ण झाले त्यांच्यातून मोजा: चौदातले आठ, शेकडा 57. परीक्षेला बसले त्यांच्यातून: सोळातले आठ, शेकडा 50. आणि ज्यांनी पहिल्या दिवशी पटावर नाव घातले त्यांच्यातून मोजा: विसातले आठ, शेकडा 40. तुकडी एकच, मुले तीच, खोटे कोणी बोलले नाही. आणि आकडा 40 पासून 80 पर्यंत हवा तसा निघतो. माझ्या टेबलावरचे माहितीपत्रकही असेच खरे असू शकेल.

कन्नडच्या त्या बापाला यातला कोणता आकडा हवा? त्याचा मुलगा आज उत्तीर्ण झालेला नाही, परीक्षेला बसलेला नाही, फोनवर सापडलेलाही नाही. तो आज दारात उभा आहे. तेव्हा त्याच्या उपयोगाचा आकडा विसातून निघणाराच.

पण थांबा. तोही अजून पुरा नाही. परीक्षेपूर्वी जे चौघे गेले ते कुठे गेले? चौकशी केली तर असे निघेल: एकाचे वडील आजारी पडले, तो रानात गेला. एकाच्या गावची एसटी बंद झाली आणि पोराने नाद सोडला. एक पोलीस भरतीत लागला. आणि एकाला दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच एका गॅरेजवाल्याने नेले, कारण त्याला गाडीचे वायरिंग चांगले जमू लागले होते. हजेरीपटावर या चौघांपुढे एकच शब्द आहे: 'गळती'. त्यांतले दोघे तर आज कमावते आहेत! म्हणजे माहीत असलेले कमावते दहा झाले. दोघे फोनवर रिकामे निघाले आणि दोघे मधूनच सोडून घरी बसले, असे चार जण कमावते नाहीत. आणि सहा जणांविषयी, म्हणजे न सापडलेले चार आणि नापास झालेले दोन, कोणी विचारलेच नाही. तेव्हा खरे उत्तर कमीत कमी विसातले दहा आणि जास्तीत जास्त विसातले सोळा. शेकडा 50 ते 80 यांच्या मध्ये कुठेतरी. प्रामाणिक माणसाने एवढेच सांगावे, आणि त्या सहांचा तपास लावावा.

गॅरेजवाल्याने नेलेल्या मुलासारखी मुले सगळीकडे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत असे पुष्कळ विद्यार्थी आढळले, की जे एकदोन विषय शिकतात आणि प्रमाणपत्र न घेताच जातात. बरीच वर्षे त्यांची गणना अपयशी म्हणून होत असे. मग वेतनाच्या नोंदींशी ताळा घातला तेव्हा दिसले, की यांतले अनेक जण आधीपासून नोकरीत होते, नेमके जे हवे तेवढे शिकून गेले, आणि त्यांचे वेतन वाढले. त्यांना आता तिथे निराळे नाव आहे आणि निराळा रकाना आहे. आपल्याकडे हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

आपल्या देशातही मोठ्या प्रमाणावर अशी पाहणी झालेली आहे. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास मंत्रालयाने आयटीआयमधून बाहेर पडलेल्यांचा माग काढला आणि जानेवारी 2018 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात उत्तीर्ण झालेल्यांपैकी शेकडा 63.5 जण कमावते आढळले. स्वतःचा धंदा करणारे त्यांतच धरले होते, ते शेकडा 6.7. हा आकडा अनेकदा सांगितला जातो. वाईट नाही. पण तो कशातून काढला ते पाहा: उत्तीर्ण झालेल्यांतून. मध्येच गेलेले त्यात नाहीत. म्हणून तो दारात उभ्या असलेल्या मुलाला जशाचा तसा लावता येत नाही.

भाजकाचे झाले, आता भाज्य. 'कामाला आहे' म्हणजे काय?

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तिथे वीज-उपकरणे दुरुस्तीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चाले, आणि वरून आलेला तक्ता भरण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. तक्त्यात विचारले होते: कंपनीचे नाव, पद, वेतन, नियुक्तिपत्राची प्रत. एका विद्यार्थ्याकडे यातले काहीच नव्हते. तो फुलंब्रीकडे आपल्या गावी जाऊन मोटारी भरत होता. म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळून द्यायचे काम. माझ्या तक्त्यात मी त्याच्यापुढे लिहिले, 'बेरोजगार'. दुसऱ्या एकाकडे वाळूजच्या एका कंत्राटदाराचे पत्र होते. त्याच्यापुढे लिहिले, 'रोजगार प्राप्त'. वर्षभराने दोघेही भेटले. पहिल्याने गावात टपरी टाकली होती, हाताखाली एक पोरगा ठेवला होता, आणि उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नव्हती. दुसऱ्याने दोन महिन्यांतच काम सोडले होते. बजाजनगरात चौघांत मिळून खोली, खानावळ, आणि हातात उरते ते गावी पाठवण्याजोगे नाही; शिवाय काम म्हणाल तर पेट्या उचलण्याचे, शिकलेल्या विद्येचा हातही लागला नाही. माझा तक्ता मात्र वर पोचला होता आणि कुठल्यातरी बेरजेत मिळूनही गेला होता.

मुलींच्या बाबतीत तर हे फारच होते. शिवणकाम शिकून गेलेल्या एका मुलीपुढे शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः वाचले आहे: 'लग्न झाले'. झाले असेल! पैठण तालुक्यातल्या त्या गावात ती घरी बसून जिल्हा परिषद शाळेचे गणवेश शिवते, लग्नसराईत रात्रीचे बारा वाजतात, आणि त्या पैशांतून मशीनचा हप्ता फिटतो. हे कमावणे नव्हे तर काय? 'आपण काय करता?' असे विचारले तर ती स्वतःच म्हणेल, "काही नाही, घरीच असते." म्हणून प्रश्नच निराळा विचारायला हवा: गेल्या तीस दिवसांत शिवणाचे किती पैसे आले? विचारणारा बदलला, की उत्तर बदलते; प्रश्न बदलला, की त्याहूनही बदलते.

कोणी म्हणेल, फोन कशाला, सरकारी नोंदीवरूनच का पाहू नये? अमेरिकेत तसेच करतात. तिथे मालकाला बेकारी विम्यासाठी दर तिमाहीला कामगारांचे वेतन राज्याला कळवावे लागते; त्या नोंदींशी विद्यार्थ्यांची नावे जुळवली की कोण कुठे किती कमावतो हे कळते. धंदेशिक्षणाला पैसा देणारा तिथला केंद्रीय कायदा 1984 साली कार्ल पर्किन्स या लोकप्रतिनिधीच्या नावाने झाला. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्यात असे ठरलेले आहे, की अभ्यासक्रम पुरा केल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत विद्यार्थी नोकरीत, पुढच्या शिक्षणात, सैन्यात किंवा तत्सम सेवेत आहे का ते पाहायचे. पुढचे शिक्षण हेही फळच धरले आहे, ही चांगली गोष्ट. आपल्याकडेही आयटीआय करून पुष्कळ मुले तंत्रनिकेतनात जातात. त्यांना रिकामे म्हणणे चूक आहे. मात्र नोंदींचे जाळे कितीही बारीक विणले तरी स्वतःचा धंदा करणारा त्यातून निसटतो. आपल्याकडे तर जाळे फारच मोठ्या भोकांचे आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागतो. चार माणसांचे गॅरेज, गावातली वेल्डिंगची टपरी, मोटारी भरणारा माझा विद्यार्थी, यांतले कोणी त्यात दिसायचे नाही. शिकाऊ उमेदवारसुद्धा दिसायचा नाही, कारण त्याला हा निधी लागू नाही.

शिकाऊ उमेदवाराचे प्रकरण जरा समजून घेण्यासारखे आहे. आयटीआय संपल्यावर मुलगा कारखान्यात शिकाऊ म्हणून जातो, विद्यावेतन घेतो, आणि घरी सांगतो, 'कंपनीत लागलो.' 1961 च्या कायद्याच्या 18 व्या कलमाप्रमाणे मात्र तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. आणि उमेदवारी संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. मग त्याला 'लागला' म्हणून मोजावे की नाही? माझे मत असे, की त्याला वेगळ्या रकान्यात ठेवावे. उमेदवारी ही चांगलीच पायरी आहे, पण ती जिन्यातली पायरी आहे, माडी नव्हे. सहाव्या महिन्यात मोजले तर सारी तुकडी कारखान्यात दिसते, आणि पंधराव्या महिन्यात मोजले तर तीच तुकडी गावच्या पारावर.

म्हणजे केव्हा मोजायचे, हाही प्रश्न आलाच. अल्पमुदतीच्या सरकारी कौशल्य योजनांसाठी 2015 साली जे सामायिक निकष ठरले, त्यांत प्रशिक्षण संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत रोजगार मिळाला का, असे पाहण्याची रीत पडली. संस्थेला द्यायच्या पैशांपैकी शेकडा 30 सुरुवातीला, 50 प्रमाणपत्र झाल्यावर आणि 20 रोजगार मिळाल्यावर, असे हप्ते होते. तीन महिने हा काळ पैसे चुकते करण्यासाठी सोयीचा. पण आपल्याकडे तीन महिन्यांत काय कळते? दसऱ्याला उत्पादनाची घाई असते तेव्हा कंत्राटदार दिसेल त्याला आत घेतो, आणि संक्रांतीनंतर बाहेर काढतो. त्याउलट मोटारी भरणाऱ्याला गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायलाच दोन उन्हाळे लागतात. सहा महिन्यांनी एकदा आणि तीन वर्षांनी पुन्हा एकदा, असे दोनदा विचारल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

आता शिक्षक मंडळींसाठी एक जुनी गोष्ट. फळावर पैसे देण्याची कल्पना नवी नाही. 1862 साली इंग्लंडमध्ये नियम झाला, की तपासनीसाने शाळेत येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने अनुदान द्यावे. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी तिथे शाळा-तपासनीस होता. त्याने या पद्धतीवर सडकून टीका केली. झाले काय, तर ज्याला पैसे नाहीत ते विषय मागे पडले, आणि मुलांकडून नेमलेले पुस्तक तेवढे घोटून घेण्याची चाल पडली. आपल्या मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निकालावर अनुदान देण्याची रीत होती. इंग्लंडने ती शतक संपेपर्यंत टाकून दिली. मास्तर वाईट होते म्हणून असे घडले नाही. पोट ज्या आकड्यावर आहे तो आकडा माणूस सांभाळणारच.

धंदेशिक्षणाच्या संस्थेत ही गोष्ट कशी दिसते? ज्या संस्थेची प्रतवारी 'किती लागले' यावर ठरते, तिला हळूहळू असे वाटू लागते, की जे तसेही लागणारच आहेत तेच विद्यार्थी घ्यावेत. गणितात कच्चा, घरचा गरीब, लांबून येणारा, मुलगी, अपंग, हे नको. आकडा चढतो. काम मात्र कमी झालेले असते.

यासाठी एक तुलना शेतकरी बांधवांना चटकन पटेल. एकाने नवे बियाणे काळ्या रानात, विहिरीच्या पाण्यावर पेरले. दुसऱ्याने जुने बियाणे मुरमाड माळावर पेरले. काळ्या रानात पीक दुप्पट आले. बियाणे चांगले, असे तुम्ही म्हणाल का? नाही म्हणणार. बियाण्याची पारख करायची तर एकाच रानात, एकाच पावसावर, शेजारीशेजारी दोन तासे पेरून बघावी लागतात. वाळूजच्या कुंपणाला लागून असलेली संस्था आणि सोयगावची संस्था यांची तुलना करताना आपण नेमके हेच विसरतो. सोयगावच्या मुलाला शहरात राहायचे तर खोली करावी लागते. गंगापूरचा मुलगा डबा घेऊन घरून जातो. तसेच 2020 साली, कारखाने बंद असताना बाहेर पडलेली तुकडी आणि तेजीच्या वर्षातली तुकडी यांना एका मापाने कसे मोजणार?

मग दोन तासे शेजारीशेजारी कशी पेरावी? माणसांच्या बाबतीत ते अवघड. पण एक युक्ती आहे आणि ती प्रवेशाच्या यादीतच लपलेली असते. प्रवेश गुणांवर होतात. समजा, इलेक्ट्रिशियनची शेवटची जागा 71 गुणांच्या मुलाला मिळाली आणि 70 गुणांचा मुलगा बाहेर राहिला. या दोघांत फरक केवढा? एका गुणाचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. एकाला शिक्षण मिळाले, दुसऱ्याला नाही. पाच वर्षांनी यादीच्या त्या रेषेच्या वरच्या दहावीस आणि खालच्या दहावीस मुलांना शोधून काढा. वरचे जर बरेच पुढे गेलेले असतील, तर ते श्रेय बहुधा संस्थेचे. दोघे सारखेच असतील, तर संस्थेने विचार करावा. त्यासाठी संस्थेच्या कपाटातली जुनी प्रवेशयादी आणि पायपीट, एवढेच लागते.

आणखी एक फळ राहिले, आणि ते नोकरीच्या आधीचे आहे: हाताला काय आले? जोडारीचा विद्यार्थी व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत, म्हणजे 0.02 मिलिमीटरपर्यंत माप घ्यायला शिकतो. कानशीने घासलेला लोखंडी तुकडा काटकोनात बसला की नाही, हे गुण्या लावून उजेडासमोर धरले की कळते; फट असेल तिथून उजेड येतो. तिथे शिफारस चालत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाची परीक्षा चोख झाली पाहिजे, आणि ती घ्यायला बाहेरचा, शक्य तर कारखान्यातला माणूस असावा. अनुभवी निदेशक मला नेहमी सांगतात, की पोराला पुढे काय जमेल ते त्याचा तुकडा बघून सांगता येते, गुणपत्रक बघून नाही. मला त्यांचे पटते. फक्त तो तुकडा परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्याने घासून दिलेला नसावा.

तर मग कन्नडच्या त्या गृहस्थांना मी काय सांगितले? त्यांना म्हटले, ज्या संस्थेत घालणार तिथे जा, आणि टक्के विचारू नका. गेल्या तीन वर्षांत या तुकडीत किती मुले घेतली आणि त्यांतली किती शेवटपर्यंत राहिली, ते विचारा. मध्येच गेली ती का गेली, तेही विचारा. शिकाऊ म्हणून कुठे जातात, आणि उमेदवारी संपल्यावर तिथेच किती राहिली? कार्यशाळेत जाऊन यंत्रे चालू आहेत की कापडाखाली झाकलेली आहेत ते डोळ्यांनी बघा. आणि गेल्या खेपेच्या दोन मुलांचे पत्ते मागून घ्या. एक लागलेला, एक न लागलेला. संस्थेने लागलेल्याचाच पत्ता दिला तर त्यालाच विचारा, "तुझ्या बाकावर शेजारी कोण बसायचा रे?" त्यांनी हे सगळे मुलाकडून वहीच्या कागदावर लिहून घेतले.

खेड्यातल्या शिक्षकांकडे मला एक मागणे करायचे आहे. संस्थांना मुले सापडत नाहीत, पण तुम्हाला सापडतात. नंबर बदलतो, गाव बदलत नाही. पोळ्याला, दिवाळीला, लग्नाला पोरगे गावी येतेच, आणि मास्तरांना टाळत नाही. दहावी होऊन शाळेतून जो जो गेला त्याचे नाव एका वहीत, पुढे तीन कोरे रकाने: सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. काय शिकला, काय करतो, शिकलेले वापरतो का, एवढेच लिहायचे. किती कमावतो हे त्याने आपणहून सांगितले तरच. वही शाळेत राहू द्यावी, आणि मुलांची नावे बाहेर देऊ नयेत, नुसती संख्या द्यावी. एका तालुक्यातल्या दहा शाळांनी हे केले, तर पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या बापाला माहितीपत्रक वाचून दाखवण्याची पाळी येणार नाही.

मी स्वतः त्या जुन्या तक्त्याची दुरुस्ती करायला बसलो आहे. त्या वर्षीची बावीस मुले होती. एकोणीस सापडली. त्यांतल्या चौघांपुढे मी त्या वेळी जे लिहिले होते ते खोडून दुसरे लिहावे लागले. दोघे वर गेले, दोघे खाली. उरलेल्या तिघांपैकी एकाचा ठावठिकाणा पिशोरच्या गुरुजींना माहीत आहे, असे कळले. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. येत्या रविवारी जाऊन यायचे ठरवले आहे.